ओव्हनच्या जाळीवरचे किटण

घरगुती ओव्हनच्या आतील भिंती ओल्या फडक्याने बऱ्याच अंशी स्वच्छ होतात. परंतु पदार्थ ठेवण्यासाठी आत सरकवली जाणारी तारांची जाळी मात्र काही महिन्यांच्या वापरानंतर तपकिरी पडते, बोटाला मेणचट लागते आणि भांडी घासण्याच्या साबणाला दाद देईनाशी होते. कढईच्या बाहेरच्या अंगावर, गॅसच्या शेगडीच्या कडांवर आणि स्वयंपाकघरातील पंख्याच्या पात्यांवर बसणाऱ्या अशाच थराला मराठीत ‘किटण’ असा नेमका शब्द आहे. ते काढण्यासाठी सहसा तारेची घासणी आणि मनगटाचा जोर यांवरच भिस्त ठेवली जाते. त्यात हात दुखतात, जाळीवरचा चकचकीत मुलामा खरवडला जातो आणि पाणी वारेमाप खर्च होते. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद, जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात या तिन्ही तोट्यांपैकी पाण्याचा तोटा सर्वांत जड आहे. म्हणून किटण कशाचे बनते आणि कशाने सुटते हे समजून घेतले, तर कमी पाण्यात व कमी श्रमांत जाळी स्वच्छ करण्याची वाट आपोआप सापडते.

तेलाचे किटण कसे होते

खाद्यतेल, तूप आणि प्राण्यांची चरबी हे सारे रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील पदार्थ होत. ग्लिसरॉल नावाच्या लहान रेणूला तीन लांब मेदाम्ले जोडली गेली की मेदाचा एक रेणू तयार होतो. मेदाची ही घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून प्रथम नीट उलगडली. या मेदाम्लांच्या कर्बसाखळीत कोठेच दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त आणि असेल तर असंपृक्त म्हटले जाते. तुपात, वनस्पती तुपात आणि बोकडाच्या चरबीत संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण मोठे असल्यामुळे हे पदार्थ थंड होताच गोठतात, तर करडई, सूर्यफूल व सोयाबीन यांच्या तेलांत असंपृक्त मेदाम्ले अधिक असल्यामुळे ती तेले थंडीतही पातळ राहतात.

जाळीवर उडालेले तेल ओव्हनमध्ये दीडशे ते अडीचशे अंश सेल्सिअस तापमानाला हवेच्या संपर्कात राहिले की या दुहेरी बंधांच्या आसपास ऑक्सिजन जोडला जातो, आणि शेजारशेजारचे रेणू एकमेकांत गुंतून त्यांचे मोठे जाळे विणले जाते. लहान रेणूंपासून असे प्रचंड रेणू तयार होण्याच्या क्रियेला बहुवारिकीकरण म्हणतात. क्रिकेटच्या नव्या बॅटला जवसाचे तेल चोळून ठेवल्यावर काही दिवसांनी लाकडावर जो कोरडा, तुकतुकीत थर येतो, तो याच क्रियेचा परिणाम असतो, आणि तैलरंग वाळतो तोही याच कारणाने, कारण त्यातील पाणी उडून गेलेले नसते तर तेलच घट्ट झालेले असते. म्हणजे ओव्हनच्या जाळीवरचे किटण हा एका अर्थी नकळत दिलेला रंगाचा हात आहे, आणि साध्या साबणाने न निघण्याचे त्याचे कारणही हेच आहे. साबण सुटे तेल पाण्यात उचलून नेतो, पण जाळ्यात विणले गेलेले तेल उचलता येत नाही.

या दृष्टीने मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातील तेलांचा क्रम पाहण्यासारखा आहे. जवस व करडई ही या भागातील रब्बीची जुनी गळिताची पिके होत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘परभणी कुसुम’ या नावाचे करडईचे वाणच दिले आहे. जवसाचे तेल सर्वांत लवकर घट्ट होते, करडईचे तेल त्याच्यामागोमाग येते, शेंगदाण्याचे तेल या बाबतीत बरेच सोशीक असते, आणि तूप सर्वांत सोशीक. आज धाराशिव जिल्ह्याच्या खरिपात सोयाबीनने मोठी जागा व्यापली आहे व घरोघरी सोयाबीनचे रिफाइंड तेल आले आहे. त्यातील निम्म्याहून अधिक मेदाम्ले एकाहून अधिक दुहेरी बंध असलेली असल्यामुळे त्याचे शिंतोडे शेंगदाणा तेलापेक्षा लवकर चिकट बनतात. बोकडाच्या मांसाचे तुकडे जाळीवर भाजले असता गळणारी चरबी याउलट पांढरी होऊन गोठते. ती दिसायला ओंगळ असली तरी गरम पाण्याने वितळून निघून जाते. उस्मानाबादी शेळीचे माहेर असलेल्या जिल्ह्यात हा फरक रविवारच्या दुपारी सहज पडताळून पाहता येतो.

जाळीवरील डाग त्यामुळे एकजात नसतात. वरचा थर सुट्या तेलाचा असतो व तो साबणाने जातो. त्याखालचा मेणचट थर अर्धवट विणलेल्या तेलाचा असतो. सर्वांत खालचा काळा थर पूर्ण जळून कोळसा झालेला असतो. याखेरीज दूध व साखर असलेल्या पदार्थांचे डाग वेगळ्याच जातीचे असतात. भूम तालुक्यातील कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो खवा ज्या भट्ट्यांवर आटवला जातो तेथे दूध बुडाला लागू नये म्हणून सतत हलवत राहावे लागते, कारण दुधातील प्रथिने व दुग्धशर्करा यांचा उष्णतेने संयोग होऊन तपकिरी, चिवट खरवड तयार होते आणि तिच्यात दुधातील कॅल्शियमचे क्षारही अडकून बसतात. खवा किंवा दुधाची पावडर घातलेला केक जाळीवर सांडला तर हीच खरवड लहान प्रमाणावर तेथे तयार होते. पुढे दिसेल की तिच्यासाठी उपायही दुहेरी लागतो.

राख, पापडी आणि सोडा

किटण सोडवण्याचे मुख्य साधन अल्क हे आहे. आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माच्या, पाण्यात विरघळल्यावर बोटांना बुळबुळीत लागणाऱ्या पदार्थांना अल्क म्हणतात, आणि एखादे द्रावण आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, व किती, हे सामू या मापाने सांगितले जाते. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. हे माप दहाच्या पटीने चढत असल्यामुळे दोन द्रावणांच्या सामूत एकाचा फरक असला तर अल्कतेत दसपट फरक असतो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८.३च्या आसपास, तर धुण्याच्या सोड्याचा ११च्या आसपास असतो. नावे इतकी जवळची असूनही दोघांच्या ताकदीत शेकडो पटींचे अंतर पडते ते यामुळे.

अल्क मेदावर दोन प्रकारे काम करतो. मेदाम्ले ग्लिसरॉलला ज्या बंधांनी जोडलेली असतात ते बंध अल्काने तुटतात आणि सुट्या झालेल्या मेदाम्लांचा साबण बनतो. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. किटणाच्या विणलेल्या जाळ्यातही हे मूळचे बंध पुष्कळ उरलेले असतात, म्हणून अल्काने त्यांपैकी पुरेसे बंध तोडले की जाळे फुगते, मऊ होते आणि धातूवरची पकड सोडते. दुसरे म्हणजे या क्रियेत जागीच तयार झालेला साबण उरलेल्या तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात तरंगत ठेवतो. शुद्ध कोळशावर मात्र अल्काचा काहीच परिणाम होत नाही. पण कोळसा ज्या मेणचट थरावर बसलेला असतो तो थर सैल झाला की काळे कवच त्याच्यासह पापुद्र्यासारखे निघते. ही क्रिया वेळखाऊ आहे, आणि ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढले की तिचा वेग दुप्पट होतो. अल्क, ऊब आणि वेळ या तिघांनी मिळून जे काम करायचे ते मनगटाकडून करवून घेण्याचा प्रयत्न, एवढेच घासाघाशीचे स्वरूप असते.

हे ज्ञान प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आलेले नाही. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी यांनी भांडी घासण्याच्या जुन्या रीतीत राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हा अल्काचा, आणि तिच्यातील बारीक खर हा घासणीचा वाटा उचलत असे. मराठवाड्यात कडबा जनावरांसाठी राखला जातो व चुलीत तुराट्या, बाभळीची लाकडे आणि गोवऱ्या जळतात. लाकडाच्या राखेचे पाणी चांगलेच अल्कधर्मी असते. शेजारच्या विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या उल्कानिर्मित सरोवराचे पाणी तर निसर्गतःच सोड्याचे आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठावर जमणारे क्षार पापडी, दल्ला अशा नावांनी गोळा केले जात, आणि ऐन-ए-अकबरीतही त्या परिसरात काच व साबण यांसाठी लागणारे पदार्थ मिळत असल्याची नोंद आहे. आज दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, हा कारखान्यात मिठापासून व चुनखडीपासून तयार होतो, आणि कपडे धुण्याच्या साध्या पावडरीतही त्याचाच भरणा मोठा असतो.

धुण्याचा सोडा हाताशी नसल्यास तो खाण्याच्या सोड्यापासून घरीही करता येतो. स्टीलच्या पसरट ताटात खाण्याचा सोडा पातळ पसरून स्वच्छ ओव्हनमध्ये २०० अंशांवर सुमारे तासभर ठेवला, की त्यातील पाणी व कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन धुण्याचा सोडा उरतो. वजनात शंभर ग्रॅमांचे सुमारे त्रेसष्ट ग्रॅम झाले की रूपांतर पूर्ण झाले असे समजावे. तयार झालेली भुकटी खाण्याच्या सोड्यासारखीच दिसत असल्याने ती वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवणे आवश्यक आहे.

भिजवण्याच्या तीन रीती

पहिली रीत हलक्या मेणचटपणासाठी आहे. खाण्याचा सोडा तीन भाग व पाणी एक भाग असा लेप करून तो जाळीवर माखावा, चार-सहा तास राहू द्यावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. या सोड्याचा अल्क सौम्य असतो, परंतु त्याचे कण मऊ असल्यामुळे चकचकीत मुलाम्यावर ओरखडे पडत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी जाळी साफ करणाऱ्या घरांना एवढे पुरते.

दुसरी रीत टबात बुडवण्याची. जाळी पूर्ण मावेल अशा टबात जुने फडके अंथरून त्यावर जाळी ठेवावी, गरम पाणी ओतावे, दर लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम धुण्याचा सोडा किंवा मूठभर कपड्यांची पावडर विरघळवावी आणि रात्रभर झाकून ठेवावे. ज्या पावडरींत विकरे, म्हणजे मेद व प्रथिने तोडणारी जैविक उत्प्रेरके, घातलेली असतात त्या दुधाच्या व मसाल्याच्या डागांवर विशेष उपयोगी पडतात. मात्र विकरे उकळत्या पाण्यात निकामी होतात, म्हणून अशी पावडर हात बुडवता येईल इतक्या गरम पाण्यातच घालावी. सकाळी बहुतेक थर बोटाने सरकतो. मोठा टब नसेल तर बादलीत जाळीची एक बाजू आधी व दुसरी नंतर बुडवता येते, पण वेळ दुप्पट लागतो.

ही रीत परिणामकारक असली तरी तिच्यात पाणी फार जाते. साठ सेंटिमीटर लांब व पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद टबात दहा सेंटिमीटर पाणी भरले तरी ते सत्तावीस लिटर होते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका जाळीच्या आंघोळीत एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याचे निम्मे पाणी संपते. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत असा उपाय सुचवणे योग्य नव्हे. शिवाय टबातील बहुतेक पाणी तारांना स्पर्शही करत नाही; काम करतो तो तारेला चिकटून राहिलेला द्रावणाचा पातळ थर, बाकीचे पाणी केवळ सोबतीला उभे असते.

तिसरी रीत या निरीक्षणावर आधारलेली आहे. दोन लिटर कडक पाण्यात शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात जुना टॉवेल किंवा सुती लुगड्याचा तुकडा भिजवावा, तो जाळीभोवती सर्व बाजूंनी गुंडाळावा, आणि हे सारे मोठ्या काळ्या प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, म्हणजे ओल टिकून राहील. ही पिशवी गच्चीवर किंवा अंगणात उन्हात ठेवली तर काळा रंग ऊन शोषून घेतो. एप्रिल-मे महिन्यांत धाराशिवचे दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास असते तेव्हा पिशवीच्या आतील तापमान सहज पन्नाशी ओलांडते. वेगाचा मघाचा नियम येथे फुकटात कामास येतो, आणि टबात रात्रभर चालणारे काम दिवसाच्या चार-पाच तासांत उरकते. संध्याकाळी टॉवेलनेच जाळी पुसून घ्यावी व तीन-चार लिटर पाण्यात ती विसळावी. सत्तावीस लिटरांचे काम सहा लिटरांत होते.

सोड्याऐवजी राख वापरायची असल्यास एक भाग चाळलेल्या राखेत तीन भाग पाणी घालून ते रात्रभर स्थिर ठेवावे आणि वरची निवळी हलक्या हाताने ओतून घ्यावी. हीच निवळी गरम करून टॉवेलला पाजावी. राख केवळ लाकडाची किंवा शेतातील काडीकचऱ्याची असावी. प्लॅस्टिक, रंगवलेले लाकूड किंवा दगडी कोळसा जाळलेल्या चुलीची नसावी. सोडा असो वा राखेची निवळी, हातात रबरी मोजे घालावेत, कारण जो अल्क तेलाचा साबण करतो तो त्वचेवरील नैसर्गिक तेलही काढून घेतो व हात फुटतात.

जिल्ह्याच्या पाण्याचा आणखी एक गुण येथे लक्षात घ्यावा लागतो. काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या विहिरींच्या व विंधनविहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार पुष्कळदा अधिक असतात. अशा पाण्याला दुष्फेन किंवा बोलीत जड पाणी म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचे काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे असे आहे. जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही, उलट करडी साय जमते व तीच जाळीवर बसते. धुण्याचा सोडा कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात खाली बसवतो आणि पाणी सुफेन करतो. म्हणून बोअरच्या पाण्यात सोडा आधी विरघळवून, पाच-दहा मिनिटे थांबून, मग त्यात साबण घालणे हा क्रम पाळावा.

आंबटाचे काम कोणते

खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतून उसळणारा फेस पाहणे हा लोकप्रिय उपाय आहे, पण रसायनशास्त्र त्याच्या बाजूने नाही. सोडा अल्क आणि व्हिनेगर आम्ल. दोघे एकत्र येताच एकमेकांना निष्प्रभ करतात, कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन उडून जातो आणि मागे सोडियम अॅसिटेट नावाच्या मिठाचे पाणी उरते, ज्याला तेलाचे फारसे सोयरसुतक नसते. बुडबुड्यांच्या धक्क्याने सैल कण थोडे हलतात इतकाच त्याचा उपयोग. दोन्ही पदार्थ वापरायचे असतील तर ते एकाच वेळी नव्हे, एकापाठोपाठ वापरावेत: आधी अल्क, मग स्वच्छ पाणी, मग आम्ल.

आम्लाचे खरे काम खनिज डागांवर असते. जड पाण्याचे पांढरे ठिपके, दुधातील कॅल्शियमचे कवच आणि लोखंडावरचा हलका गंज अल्काने जात नाहीत, आम्लाने जातात. दूध डेअऱ्यांतील यंत्रे याच तत्त्वावर आधी गरम कॉस्टिकच्या सौम्य द्रावणाने व नंतर आम्लाने धुतली जातात. पहिले धुणे मेद व प्रथिने काढते, दुसरे खनिजे. घरी हे दुसरे धुणे लिंबाच्या फोडीने किंवा चिंचेच्या कोळाने होते. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि १९८२ मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत तो सारा भाग उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. तेव्हा देवघरातली तांब्याची भांडी उजळवणारी ही चिंच ओव्हनच्या जाळीसाठी परकी नाही. कोळ दहा मिनिटांहून अधिक ठेवू नये व नंतर जाळी लगेच धुऊन कोरडी करावी, कारण रेंगाळलेले आम्ल मुलाम्याखालच्या लोखंडाला गंज आणते.

धातू ओळखून उपाय

सर्व जाळ्या एका धातूच्या नसतात, आणि एका धातूचे औषध दुसऱ्याला बाधते. घरगुती ओव्हनच्या बहुसंख्य जाळ्या लोखंडी तारेवर क्रोमियमचा मुलामा दिलेल्या असतात; त्या वरील तिन्ही रीतींनी साफ होतात, परंतु तारेच्या घासणीने मुलामा उडतो व तेथून गंज सुरू होतो. नारळाची शेंडी किंवा घोसाळे वाळवून मिळणारी नैसर्गिक जाळी त्यांना पुरेशी असते. स्टेनलेस स्टीलची जाळी सर्वांत सोशीक असून ती कडक सोडाही सहन करते. अॅल्युमिनियमचा ट्रे मात्र सोड्यात कधीच भिजवू नये, कारण अल्क अॅल्युमिनियमला खातो व ट्रे काळा पडतो. त्यासाठी भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी एवढेच योग्य. न चिकटणाऱ्या थराच्या ट्रेवर खर असलेली कोणतीही वस्तू वापरू नये.

ज्या थराला येथे किटण म्हटले, तोच थर भाकरीच्या लोखंडी किंवा बिडाच्या तव्यावर मात्र हवाहवासा असतो. तेल लावून वारंवार तापवलेल्या तव्यावर बसणारा काळा, गुळगुळीत थर हे तेलाचे तेच विणलेले जाळे असते. तो लोखंडाला गंजापासून वाचवतो आणि घावन किंवा धिरडे चिकटू देत नाही. म्हणून जाळी भिजवताना टबात जागा आहे या विचाराने शेजारचा बिडाचा तवाही त्यात टाकला, तर अनेक महिन्यांची कमाई एका रात्रीत विरघळते.

टाळण्याच्या गोष्टी

बाजारात मिळणाऱ्या काही तीव्र ओव्हन-क्लीनरमध्ये कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, असतो. तो मिनिटांत काम करतो, पण त्वचा व डोळे यांना गंभीर इजा करतो आणि अॅल्युमिनियमशी संयोग होताच ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सोडतो. घरगुती जाळीसाठी तो सुटा विकत आणून वापरण्याचे कारण नाही. काही देशांत बंद पिशवीत थोडा द्रवरूप अमोनिया ठेवून त्याच्या वाफेने जाळी मऊ करतात. ही रीत खरी असली तरी बंदिस्त स्वयंपाकघरात ती धोक्याची ठरते. अमोनिया किंवा कोणतेही आम्ल, अगदी लिंबू वा व्हिनेगरसुद्धा, कपड्यांच्या ब्लीचमध्ये मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निर्माण होतात. ज्या मोठ्या ओव्हनमध्ये सुमारे पाचशे अंशांपर्यंत तापून किटणाची राख करणारी आपोआप सफाईची सोय असते, त्यांतूनही जाळी आधी बाहेर काढण्याची सूचना बहुधा दिलेली असते. इतक्या उष्णतेने क्रोमियमचा मुलामा काळवंडतो.

उरलेले पाणी कोठे जावे

साफसफाईच्या लेखात सहसा न येणारा प्रश्न म्हणजे काळे, साबणी पाणी शेवटी कोठे जाते. धाराशिव जिल्ह्यातील अनेक गावांत मोरीचे पाणी परसबागेत, शेवग्याच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडले जाते. धुण्याच्या सोड्यातील सोडियम काळ्या चिकणमातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा घेतो. मग कणांची घडण मोडते, माती ओली असता चिखल व वाळली असता दगड होते आणि पाणी मुरेनासे होते. अशा बिघडलेल्या जमिनीला मराठवाड्यात चोपण जमीन म्हणतात. एका जाळीच्या सोड्याने शेत चोपण होत नाही, पण एकाच आळ्यात वर्षभर ते पाणी पडत राहिले तर तेवढ्या जागेपुरता परिणाम दिसू लागतो. म्हणून असे पाणी शोषखड्ड्यात किंवा गटारात सोडावे. राखेच्या निवळीत सोडियमऐवजी पोटॅशियम मुख्य असते व ते पिकांचे अन्नच आहे; थोड्या प्रमाणात, पातळ करून ते झाडाला चालते. जाळी भिजवण्याआधीच सुटे तेल रद्दीच्या कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकला, तर सोडाही कमी लागतो आणि शोषखड्ड्याची तोंडे तेलाने बुजत नाहीत.

किटण टाळण्याचा मार्ग या सर्व रीतींपेक्षा स्वस्त आहे. जाळीवर उडालेले तेल पहिल्या दिवशी केवळ तेल असते. ओव्हन पुन्हा तापतो तेव्हा त्याचे विणकाम सुरू होते आणि प्रत्येक भाजणीबरोबर ते घट्ट होत जाते. ओव्हन बंद करून विजेचा प्लग काढल्यावर जाळी कोमट असतानाच साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके तिच्यावरून फिरवले, आणि चरबी गळणाऱ्या पदार्थांखाली एक ट्रे ठेवला, तर तेलाला पुढची भाजणी मिळतच नाही. एका वाटीभर पाण्यात होणारे हे काम पुढे ढकलले की त्याला सहा लिटर लागतात, आणखी ढकलले की सत्तावीस.